दमसास

धावणे ही आमच्या सातारा जिल्ह्यात काही नवलाईची गोष्ट नाही. पहाटे पाचच्या सुमारास कोणत्याही गावच्या वेशीबाहेर उभे राहावे. अंधारातून धपधप पावले वाजवीत पाच-सहा पोरे अंगावरून निघून जातात. कोणी सैन्यभरतीची तयारी करीत असतो, कोणी पोलीसभरतीची. पोलीसभरतीला मुलांना १६०० मीटर धावावे लागते, मुलींना ८००. हे आकडे आमच्याकडे शाळेचे तोंड न पाहिलेल्या म्हाताऱ्यांनाही पाठ आहेत. ज्या जिल्ह्यात अपशिंगे हे गाव 'मिलिटरी अपशिंगे' याच नावाने ओळखले जाते, तिथे धावणाऱ्याला वेडा कोण म्हणणार? त्याला फक्त एवढेच विचारतात, "कुठली भरती?"

गेल्या नोव्हेंबरात, दिवाळी संपल्यावर, मी धावू लागले आणि हाच प्रश्न मला रोज कोणी ना कोणी विचारू लागले. डेअरीला दूध घेऊन निघालेले काका विचारीत, खुरपणीला निघालेल्या बाया विचारीत. "भरती नाही, साताऱ्याची अर्धमॅरेथॉन पळायची आहे," असे मी सांगे. मग पुढचा प्रश्न येई, "बक्षीस किती?" बक्षीस पुढच्या दोन-चार जणांना, मला कोठले मिळणार? "मग?" या 'मग'पाशी माझी गाडी अडत असे.

घरी तर हा खटला अधिकच रंगला. स्पर्धेत धावण्यासाठी आधी प्रवेशशुल्क भरावे लागते हे कळल्यावर आण्णा, म्हणजे माझे वडील, बराच वेळ गप्प राहिले. ते औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीचे वॉचमन आहेत आणि हिशेबाला पक्के आहेत. शेवटी म्हणाले, "म्हंजी पळायचं आपण, घाम गाळायचा आपण, आणि पैसं बी आपणच द्यायचं?"

मला हसू आले, पण प्रश्न ओळखीचा होता. दीड वर्षापूर्वी मी मराठी विषय घेऊन बी.ए.ला नाव घातले तेव्हाही तो असाच आला होता: "त्येचं फुडं काय हुतं?" आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. जिथे घाम पोटासाठीच गाळला जातो, तिथे प्रत्येक थेंबाचा जाब विचारला जाणे रास्तच आहे. माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या. आमच्या दुष्काळी भागातली मुलगी जगातल्या पहिल्या दहांत! पण गावात त्यांचे नाव निघते ते बहुधा "पळाली म्हणून उपजिल्हाधिकारी झाली" असे. धावण्याचा शेवट नोकरीत झाला की सगळ्यांचे समाधान होते.

मग मी कशासाठी धावू लागले? खरे सांगायचे तर त्याचे मूळ पाण्याच्या पेल्यात आहे. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली. शहरातून निघून यवतेश्वरच्या घाटाने कासच्या दिशेने वर चढायचे आणि त्याच वाटेने खाली यायचे, अशी ती २१ किलोमीटरांची वाट आहे. गेल्या सप्टेंबरात राष्ट्रीय सेवा योजनेतल्या आम्हा काही मुलामुलींना घाटात पाणी देण्याचे काम मिळाले होते. धुके एवढे, की धावणारे दिसण्याआधी त्यांचा श्वास ऐकू येई. सर्वांत पुढचे लोक तर आमच्याकडे पाहिल्यावाचूनच निघून गेले. पण मागचे थांबत, पाणी घेत, "अजून वळणं किती?" असे विचारीत. त्यांत एक बाई होत्या. वयाने माझ्या आईएवढ्या, अंगानेही तशाच. चढावर त्या चालत होत्या, चढ थोडा ओसरला की धावत होत्या. त्यांनी पेला घेतला, "थँक्यू, बाळा," म्हणाल्या आणि धुक्यात शिरल्या. आईच्या वयाची बाई मागे काही लागलेले नसताना, कुठे वेळेवर पोहोचायचे नसताना धावू शकते, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले. परत येताना एस.टी.त माझ्या मनात तेच होते.

शारीरिक शिक्षणाच्या मॅडमना मी भीतभीतच विचारले. त्यांनी वहीचे पान फाडून त्यावर पहिल्या आठवड्याचा पाठ लिहून दिला: एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, असे आठ वेळा, आठवड्यातून तीन दिवस. मला वाटले, मॅडम माझी थट्टा करीत आहेत. एक मिनिट? त्या म्हणाल्या, "तुझं काळीज आणि फुफ्फुसं महिनाभरात तयार होतील. हाडं आणि स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या शिरा सावकाश तयार होतात. त्यांच्या चालीनं जायचं." आणि दुसरा नियम सांगितला, की धावताना बोलता आले पाहिजे. बोलणे तुटले की वेग कमी करायचा. अशा संथ धावण्यानेच स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात आणि लांब पल्ल्याचा दम येतो.

आता कालव्याच्या कडेला एकटीने बोलायचे तरी कोणाशी? म्हणून मी पाढे म्हणू लागले. बे एके बे पासून दहापर्यंत सुखाने जाई. तेराला श्वास जड होई, सतराला तुटे. बांधावर बसलेल्या एका आजोबांनी हे ऐकले आणि माझ्या आज्जीला जाऊन सांगितले, "तुझी नात पळता पळता कायतरी मंतर म्हणतीया." आज्जीने दृष्ट काढली. गावातली कुत्री मात्र मंत्राला बधली नाहीत; पहिले दोन आठवडे त्यांनी मला वेशीपर्यंत पोहोचवले.

माझा वेग तेव्हा एवढा होता, की डोक्यावर पाटी घेऊन भरभर चालणारी बाई मला मागे टाकून जाई. "ताई, यष्टी चुकली का?" असे एक पोर ओरडले होते. सलवार, वर कॉलेजचा टी-शर्ट, कमरेला गच्च बांधलेली ओढणी आणि पायांत बाजारातले कॅनव्हासचे बूट, असा माझा थाट. पंधरवड्यात नडग्या ठणकू लागल्या. मॅडमनी तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीचे जुने, पण जाड तळव्याचे बूट मला मिळवून दिले. पुढे थोडे मोकळे होते, तिथे कापूस कोंबला.

त्याच सुमारास ग्रंथालयात फडेप्पा चौगुले यांच्याविषयी वाचायला मिळाले. ते बेळगावचे. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरच्या शर्यती पाहायला सर दोराबजी टाटा आले होते. अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले त्यांनी तिथे पाहिली. त्यांना शिकवणारे कोणी नव्हते, पण दम असा की दोराबजी चकित झाले. पुढच्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकला जो भारतीय संघ गेला, त्यात चौगुले होते. तिथल्या मॅरेथॉनचे अंतर होते ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या ४२.१९५ पेक्षाही जास्त. चौगुले एकोणिसावे आले. शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट वाचून मला धीर आला. दम हा शेतात, वाटेवर, ओझ्याखाली कमावता येतो. मग तो आमच्या घरात असलाच पाहिजे, असे माझ्या मनाने घेतले.

पण डिसेंबरात मी अडले. माझ्याबरोबर वसतिगृहातल्या तीन मुलींनी सुरुवात केली होती. शनिवारी आम्ही कॉलेजच्या मैदानावर एकत्र धावत असू. त्या तिघी वीस-वीस मिनिटे न थांबता धावू लागल्या, गप्पा मारीत. मी पाचव्या मिनिटाला मागे पडे. छातीत धडधड एवढी की कानांत ऐकू येई. डोळ्यांपुढे काजवे चमकत. पाय जड होत. पाढा सतरावरून पुढे सरकण्याऐवजी बारावर आला. मी आणखी हळू धावले, लवकर झोपले, भाकरी एक जास्त खाल्ली. काही फरक पडेना. रात्री वाटे, हे आपले काम नव्हे. गावाला आता 'मग?' असे विचारण्याचेही कारण उरणार नाही.

मॅडमनी एका शनिवारी मला बाजूला घेतले. माझी खालची पापणी ओढून पाहिली, नखे पाहिली. मग अगदी सहज विचारले, "कच्चे तांदूळ खातेस का? खडू, पाटीवरची पेन्सिल, भाजकी माती?"

मी गारच झाले. तांदूळ निवडताना मूठभर तोंडात टाकणे ही माझी लहानपणापासूनची सवय. आईचीही तीच. आम्ही मायलेकी सुपाशी बसलो की अर्धा तांदूळ पातेल्यात आणि अर्धा पोटात, असे आण्णा चेष्टेने म्हणत. ती रक्तातल्या लोहाच्या कमतरतेची खूण असू शकते, हे मला कोणी सांगितले नव्हते.

प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाला सुई टोचून रक्त तपासले. हिमोग्लोबिन ९.६ निघाले. माझ्या वयाच्या मुलीचे निदान १२ हवे. तिथल्या डॉक्टरबाईंनी समजावून सांगितले, की श्वासातला प्राणवायू पायांपर्यंत वाहून नेण्याचे काम हिमोग्लोबिन करते. वाहून नेणारेच कमी पडले, तर छातीने कितीही भाता फुंकला तरी स्नायू उपाशी राहतात. म्हणून काळीज जास्त धावते. मी संथ धावत होते, पण माझे काळीज मात्र शर्यतीत असल्यासारखे पळत होते. त्यांनी लोहाच्या आणि जंताच्या गोळ्या दिल्या. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू पिळून पाणी घ्यावे, त्याने मदत होते. पोटात ढवळले तर जेवणानंतर घ्यावी, पण सोडू नये.

निघताना त्यांनी विचारले, "घरी आई कशी आहे?"

"बरी आहे," असे मी म्हणाले. आणि वाटेत मला आई दिसू लागली. आमचे वाट्याने केलेले रान गावापासून दीड किलोमीटरवर आहे. तिथून म्हशींसाठी वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन ती रोज दोनदा येते. शेवटचा चढ लागण्याआधी एक बाभळ आहे. तिथे ती भारा उतरवते, खोडाला टेकून बसते, आणि मग कोणी येणारे-जाणारे असले तर हात लावून भारा पुन्हा डोक्यावर घेते. रात्री भांडी घासताना ती मध्येच थांबते. जिना नसलेल्या आमच्या घरात माळ्यावर चढायचे म्हटले की "तू चढ" म्हणते. ती एकेचाळीस वर्षांची आहे. तिला दम लागतो हे मी जन्मापासून पाहिले आहे, आणि आईला दम लागायचाच असतो असे समजून पाहिले आहे.

तिला तपासणीला नेणे हे यवतेश्वरचा घाट चढण्याहून अवघड निघाले. "मला काय हुतंय? बसलं की जातंय की." "वय झालं आता." "बाईच्या जातीला एवढं हुयाचंच." शेवटी आण्णांनी निकाल लावला. रात्रपाळीवरून येऊन ते भाकरी खात होते. म्हणाले, "म्हशीच्या दुधाचं फॅट रोज दोन टायमाला बघत्यात. तुझं रगात धाकटं पोरगं झाल्यापासनं कुणी बघितलंय?" घरात एकदम शांतता झाली. दुसऱ्या दिवशी डेअरीत दूध घालून आई तशीच माझ्याबरोबर आली.

तिचे ८.१ निघाले.

आकडा ऐकून आई घाबरली नाही. उलट तिच्या चेहऱ्यावर मला एक निराळाच भाव दिसला. परत येताना ती म्हणाली, "म्हंजी मी आळशी न्हवते." मी विचारले, "तुला आळशी कोण म्हणालं?" ती काही बोलली नाही. भारा उतरवून बाभळीखाली बसलेल्या बाईला वीस वर्षांत कोण कोण काय काय म्हणाले असेल, ते मला विचारवले नाही.

पुढे मी आकडे शोधले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या फेरीत हे प्रमाण ५३ टक्के होते. म्हणजे आमच्या वर्गातल्या बाकांवरच्या दोन मुलींपैकी एकीच्या बाबतीत ही शंका घ्यायला जागा आहे. तिला तास चालू असताना झोप येत असेल, जिना चढताना धाप लागत असेल, आणि आपल्यात उमेदच नाही असे ती स्वतःला समजत असेल. प्राध्यापकही कदाचित तसेच समजत असतील. मी धावायला लागले नसते तर मीही तसेच समजले असते. कारण बसून वाचण्याला ९.६ पुरते, आणि सोसण्याला तर ८.१ सुद्धा पुरते. दम किती आहे हे तो मोजायला घेतल्यावाचून कळत नाही.

गोळ्यांचे दिवस काही गोडीचे नव्हते. मला मळमळे, आईच्या पोटात दुखे. चहा हा तर तिचा प्राण. गोळी आणि चहा यांच्यात निदान तासाचे अंतर ठेवायचे, यावरून रोज सकाळी आमची बाचाबाची होई. एकदा तिने चार दिवस गोळ्या घेतल्याच नाहीत. पाकीट डब्यामागे सापडले. मग मी युक्ती केली. तिच्याच शेजारी बसून मी माझी गोळी घेऊ लागले, एकच लिंबू दोघींत पिळून. त्या लिंबाच्या फोडीपायी का होईना, पाकीट संपू लागले. तांदूळ खाण्याची हुक्की माझी महिन्याभरात गेली. कशी गेली कळलेही नाही. एक दिवस तांदूळ निवडून झाले आणि मूठ रिकामीच होती.

जानेवारीच्या मध्यावर पाढा पुन्हा सतरावर आला, मग एकोणीसवर. एका रविवारी कालव्याच्या पुलापर्यंत जाऊन परत आले. पाच किलोमीटर, न थांबता. घरी येऊन उंबऱ्यावर बसले तेव्हा छाती शांत होती, आणि ती शांतता मला एवढी नवी होती की मी बराच वेळ नुसती श्वास ऐकत बसले. या आठवड्यात आमची फेरतपासणी झाली. माझे ११.४ भरले, आईचे ९.५. डॉक्टरबाई म्हणाल्या, चांगले आहे, पण गोळ्या अजून काही महिने घ्याव्याच लागतील. साठा भरून यायला वेळ लागतो.

आई अजूनही बाभळीखाली भारा उतरवते. काल मी विचारले, "अजून दम लागतो का गं?" ती म्हणाली, "न्हाई. पर सवय हाय. आणि तितं सावली हाय." मग थोडा वेळ थांबून, "शेवंताकाकूला बी न्हेऊ का तपासायला? ती बी तांदूळ खाती."

गेल्या शनिवारी आम्ही चौघी मॅडमबरोबर पहिल्यांदा यवतेश्वरच्या घाटात गेलो. चढावर दोनशे पावले धावायची आणि शंभर चालायची, असे ठरले होते. दुसऱ्या वळणावर माझ्या पोटऱ्या भरून आल्या, तिसऱ्यावर पाढे बंद पडले. खाली सातारा शहर आणि त्यापलीकडे अजिंक्यतारा उन्हात उजळत होता, पण तो पाहायला मान वळवण्याचीही माझी ताकद नव्हती. तीन किलोमीटर चढून आम्ही परत फिरलो. २१ किलोमीटरांतले ते तीन. उतारावर गुडघे थरथरत होते आणि आम्ही चौघी कशाला कोण जाणे, हसत होतो.

सप्टेंबरला सात महिने आहेत. मी शर्यत पुरी करीन की नाही हे आज सांगता येणार नाही. प्रवेशशुल्काचे पैसे मी शिकवणीतून साठवते आहे. आण्णांनी त्यात आपणहून दोनशे रुपये घातले आणि "भरायला लागत्यातच तर भर," एवढेच म्हणाले. वाटेवर लोक अजूनही विचारतात, "कुठली भरती?" मी हात हलवते आणि पुढे जाते. आता तेविसाचा पाढा चालू आहे. तो मुळातच कठीण, त्यात बोलता बोलता धावायचे, म्हणून तेवीस सक एकशे अडतीसला मी नेहमी अडखळते. पण ते दमामुळे नव्हे.